जीआयएसचा एम.एस्सी. प्रकल्प: टोपोशीटपासून तोंडी परीक्षेपर्यंत कामाचा क्रम

जिओइन्फॉर्मॅटिक्स किंवा भूगोल घेऊन एम.एस्सी. करणाऱ्यांना शेवटी एक प्रकल्प द्यावा लागतो. तोवर क्यूजीआयएस हे जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचं, सॉफ्टवेअर हाताखालून गेलेलं असतं, उपग्रह प्रतिमा उतरवता येते, रंगीत नकाशाही काढता येतो. आणि तरी तोंडी परीक्षेत "हे क्षेत्रफळ कुठल्या प्रोजेक्शनमध्ये मोजलंत?" एवढ्या एका प्रश्नावर चार महिन्यांचं काम डळमळतं. हे दरवर्षी होतं, आणि हुशार मुलामुलींच्या बाबतीत होतं, म्हणून हा लेख.

असे बहुतेक प्रकल्प क्रम चुकल्यामुळे बिघडतात. आधी प्रतिमा कापली, मग प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, बदललं. आधी वर्गीकरण केलं, मग तारीख बघितली. प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर बरोबर असते, पण उत्तर चुकतं आणि चूक शोधायला मागे कुठे जायचं तेच कळत नाही.

उदाहरणासाठी लेखभर एकच क्षेत्र धरतो: पुरंदर तालुक्यातल्या कऱ्हा नदीचं, उगमापासून नाझरे धरणापर्यंतचं पाणलोट क्षेत्र. तुमचं क्षेत्र दुसरं असलं तरी टप्पे हेच राहतील.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

"कऱ्हा खोऱ्याचा जीआयएसच्या साहाय्याने अभ्यास" हा प्रश्न नाही, ते नुसतं शीर्षक झालं. प्रश्न असा असतो: "नाझरे धरणाच्या वरच्या पाणलोटात २०१८ ते २०२४ या काळात फळबागांखालचं क्षेत्र किती बदललं, आणि ते कोणत्या उताराच्या जमिनीवर बदललं?"

या एका वाक्यातून पुढचं सगळं ठरतं. बागा ओळखायच्या तर ३० मीटरच्या लँडसॅटपेक्षा १० मीटरची सेंटिनेल-२ बरी. उतार हवा म्हणजे उंचीचं प्रतिमान, म्हणजे डेम, लागणार. बदल मोजायचा म्हणजे दोन्ही वर्षांच्या प्रतिमा एकाच हंगामातल्या हव्यात. गाडी उलटी हाकली, म्हणजे आधी डेटा उतरवून घेतला आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधला, तर मार्गदर्शकांना ते पहिल्याच बैठकीत कळतं.

*तपासा:* तुमच्या वाक्यात जागा, काळ आणि मोजायची गोष्ट या तिन्ही आहेत का? एक जरी नसेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा २: फोल्डर आणि नोंदवही

कंटाळवाणा भाग, पण अर्ध्या तासाचाच. तीन फोल्डर करा: कच्चा डेटा, प्रक्रियेतला डेटा, अंतिम डेटा. कच्च्या फोल्डरमधल्या फाइलला कधीही हात लावायचा नाही. काम करायचं ते तिच्या प्रतीवर. फाइलच्या नावात आणि फोल्डरच्या मार्गात रिकाम्या जागा किंवा देवनागरी अक्षरं ठेवू नका, काही साधनं तिथे अडखळतात आणि एरर मात्र भलतीच दाखवतात.

नोंदवही म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. डेटा कुठून घेतला, कोणत्या तारखेला उतरवला, मूळ प्रोजेक्शन काय होतं, त्यावर कोणतं साधन कोणत्या आकड्यांनिशी चालवलं, हे त्यात त्याच दिवशी लिहायचं. अहवालातलं "पद्धती" हे प्रकरण या फाइलमधून जवळपास आपोआप तयार होतं.

*सावधान:* क्यूजीआयएसमधला तात्पुरता लेयर (नकाशाचा एक थर), ज्याच्या नावापुढे छोटी चिप दिसते तो, प्रोग्राम बंद करताच जातो. दिवसभर डिजिटायझेशन करून, म्हणजे नकाशावरच्या रेघा संगणकावर गिरवून, संध्याकाळी ते गमावलेले विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. लेयर तयार होताच जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा. शेपफाइल या जुन्या स्वरूपापेक्षा जिओपॅकेज बरं, याची कारणं तीन: शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, मराठी मजकुराचं एन्कोडिंग बिघडू शकतं, आणि एक लेयर चार-पाच फाइलींत विखुरलेला असतो, त्यामुळे मित्राला नुसती डॉट एसएचपी फाइल पाठवली की ती त्याच्याकडे उघडत नाही.

टप्पा ३: सीआरएस आधी ठरवा, मगच पहिला लेयर उघडा

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

सीआरएस म्हणजे जागेचे आकडे कशात मोजायचे ते ठरवणारी निर्देशांक पद्धत. महाराष्ट्र यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनच्या दोन झोनमध्ये येतो. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांश म्हणजे झोन ४३ उत्तर, सीआरएसच्या ईपीएसजी यादीतला त्याचा कोड ३२६४३. ७८ ते ८४ अंश म्हणजे झोन ४४ उत्तर, कोड ३२६४४. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर पहिल्यात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्यात. यवतमाळ जिल्हा दोन्हींत विभागला जातो. अशा वेळी जास्त भाग ज्या झोनमध्ये असेल तो एकच झोन संपूर्ण क्षेत्राला वापरा आणि तसं अहवालात नमूद करा. क्षेत्र अख्खं राज्य असेल आणि क्षेत्रफळाची तुलना करायची असेल, तर यूटीएम सोडून समक्षेत्र प्रोजेक्शन घ्या.

कऱ्हेसाठी ३२६४३. हा कोड नोंदवहीच्या पहिल्या ओळीत लिहा, प्रोजेक्टलाही तोच द्या.

आता खरी गफलत कुठे होते ते बघा. क्यूजीआयएसमध्ये "सेट लेयर सीआरएस" आणि "रीप्रोजेक्ट लेयर" अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे डब्यावरचं लेबल बदलणं. आतल्या आकड्यांना ती हात लावत नाही. दुसरी आकडेच नव्याने काढते आणि नवा लेयर देते. लेयर चुकीच्या जागी दिसला की विद्यार्थी "सेट" वापरून वेगवेगळे कोड लावत बसतो, एखादा जुळल्यासारखा दिसतो आणि तो पुढे निघतो. तिथून पुढचं प्रत्येक क्षेत्रफळ खोटं. लेयरला सीआरएसच नसेल, किंवा असलेला चुकीचा आहे अशी खात्री असेल, तेव्हाच "सेट" वापरायचं. बाकी सगळीकडे "रीप्रोजेक्ट".

लेयर नक्की कशात आहे, हे ओळखायची खूण सोपी आहे. लेयरच्या माहितीत त्याची व्याप्ती बघा. सासवडच्या आसपासच्या बिंदूला:

– ७४ आणि १८ असे आकडे दिसले, तर लेयर अंशांत आहे.
– ईस्टिंग (पूर्व-पश्चिम आकडा, मीटरमध्ये) ४ लाखांच्या जवळ आणि नॉर्दिंग (दक्षिणोत्तर आकडा) २० लाखांच्या थोडं पुढे असेल, तर लेयर ३२६४३ मध्ये आहे.
– पहिला आकडा ८२ लाखांच्या घरात असेल, तर लेयर वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ३८५७ मध्ये आहे.

वेब मर्केटर हे ऑनलाइन नकाशांचं प्रोजेक्शन. पार्श्वभूमीला गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅप घेतलं की प्रोजेक्ट गुपचूप त्यात जाऊ शकतो. त्यात समतलावर मोजलेलं क्षेत्रफळ पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ११ टक्के जास्त येतं, नागपूरच्या अक्षांशावर सुमारे १५ टक्के. शंभर हेक्टरची बाग एकशे अकरा हेक्टर दिसते, आणि नकाशाकडे नुसतं बघून ते कधीच कळत नाही.

*तपासा:* फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळ दोन पद्धतींनी काढा. डॉलरचं चिन्ह असलेलं एरिया फंक्शन प्रोजेक्टला दिलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या लंबगोल प्रतिमानावर, मोजतं. जॉमेट्री देऊन चालवलेलं एरिया फंक्शन लेयरच्या समतलावर मोजतं. ३२६४३ मध्ये हे दोन आकडे अगदी जवळ यायला हवेत. मोठा फरक आला तर मागे जा.

टप्पा ४: टोपोशीट जिओरेफरन्स करणं

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटचे, म्हणजे उंचसखलपणा, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या नकाशांचे, दोन प्रकार तुमच्या हाती येतील. जुन्या शीटवर ४७ जे/३ असा क्रमांक असतो. त्या एव्हरेस्ट एलिप्सॉइडवर आणि पॉलिकोनिक प्रोजेक्शनमध्ये आहेत. नव्या ओपन सिरीजचा क्रमांक आपल्याकडे ई४३ सारख्या अक्षर-अंकांनी सुरू होतो. त्या डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. दोन्ही प्रकारच्या शीट एकाच पद्धतीने जिओरेफरन्स केल्या, म्हणजे जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवल्या, तर पुण्याच्या परिसरात जुनी शीट जमिनीवर शंभर मीटरहून अधिक सरकते. विहीर शेजारच्या गटात जाते, ओढा रस्त्यावर चढतो.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा शीट ओळखा. नाझरेपर्यंतच्या कऱ्हेसाठी मुख्यतः ४७ एफ/१५ आणि ४७ जे/३ लागतात. प्रत्येक शीट १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांशाची. ४७ जे/३ म्हणजे ७४°०० ते ७४°१५ पूर्व, १८°१५ ते १८°३० उत्तर. हे कागदावर स्वतः काढून बघा, शीट क्रमांकाची रचना एकदा हाताला बसली की जन्मभर उपयोगी पडते.

मग स्कॅन. ३०० डीपीआय पुरेसं आहे. या रिझोल्यूशनला एक पिक्सेल जमिनीवर साधारण सव्वाचार मीटर भरतो. पीडीएफ असेल तर ३०० डीपीआयला एक्सपोर्ट करा. स्क्रीनशॉट चालणार नाही.

मग नियंत्रण बिंदू, म्हणजे ज्यांची खरी जागा माहीत आहे असे बिंदू. फक्त चार कोपरे देऊन थांबू नका. शीटवर दर पाच मिनिटांना अक्षांश-रेखांश जिथे छेदतात, ते सगळे मिळून सोळा बिंदू होतात. बारा वापरा, चार तपासणीसाठी बाजूला ठेवा. जुन्या शीटसाठी जिओरेफरन्सरमधला सीआरएस कल्याणपूर १९७५, ईपीएसजी ४१४६, असा द्या आणि बिंदू अंशांत भरा. शीट बसली की तिथून ३२६४३ मध्ये रीप्रोजेक्ट करा. नव्या शीटला सुरुवातीलाच ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, द्या.

*सावधान:* शोधखिडकीत "इंडियन १९७५" नावाचा आणखी एक डेटम (मोजमापाचा पाया) दिसतो, कोड ४२४०. तो थायलंडसाठी आहे. नावाला भुलून तोच निवडणारे खूप असतात.

*सावधान:* मिनिटं म्हणजे दशांश नव्हेत. ७४ अंश ५ मिनिटं म्हणजे ७४.०८३३, ७४.०५ नव्हे. ही चूक झाली तर बिंदू साडेतीन किलोमीटर हलतो. दहा मिनिटांसाठी ०.१६६७ धरा. आणि एक्सच्या रकान्यात रेखांश, वायच्या रकान्यात अक्षांश. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, म्हणून हात उलटा जातो.

रूपांतराचा प्रकार "पॉलिनॉमियल १" ठेवा. कागद सुरकुतलेला असेल तर "पॉलिनॉमियल २". "थिन प्लेट स्प्लाइन" निवडलं तर त्रुटी शून्य येते आणि विद्यार्थी खूश होतो. ती पद्धत प्रत्येक बिंदूला जबरदस्तीने जागेवर ओढते, म्हणून शून्य दाखवते. चुकीचा भरलेला बिंदूही त्यात शून्यच दाखवतो. अहवालात "आरएमएस त्रुटी", म्हणजे बिंदूंच्या चुकीचं सरासरी माप, "०.००" लिहिलेली दिसली की परीक्षक तिथेच बोट ठेवतात, आणि ते बरोबरच करतात.

*तपासा:* आरएमएस त्रुटी दोन पिक्सेलच्या आत, म्हणजे जमिनीवर आठ-साडेआठ मीटरच्या आत असावी. मग बाजूला ठेवलेले चार बिंदू बघा. शेवटी शीट उपग्रह प्रतिमेवर अर्धपारदर्शक ठेवून सासवडच्या संगमेश्वराजवळचा नद्यांचा संगम, दिवे घाटाची वळणं, जुने पूल जुळतात का ते पाहा. तळ्याचा किंवा धरणाचा काठ तपासणीला घेऊ नका, तो दर मोसमात हलतो.

टप्पा ५: डेमपासून पाणलोट

एसआरटीएम, कार्टोडेम, कोपर्निकस, यांपैकी ३० मीटरचं कुठलंही डेम चालेल. निवडीचं कारण मात्र सांगता यायला हवं. एसआरटीएमचं मापन फेब्रुवारी २००० मधलं आहे. त्यानंतर झालेलं धरण, खाण किंवा डोंगर फोडून काढलेला रस्ता त्यात नाही.

क्रम पक्का आहे: रीप्रोजेक्ट, मोठ्या चौकटीत कापणं, खड्डे भरणं, प्रवाहदिशा, प्रवाहसंचय (एका पेशीत वरच्या किती पेशींचं पाणी येतं), निर्गम बिंदू (पाणलोटाचं पाणी बाहेर पडतं ती जागा), पाणलोट, आणि अगदी शेवटी नेमकी हद्द.

रीप्रोजेक्ट पहिलं का? डेम अंशांत येतं आणि उंची मीटरमध्ये असते. तसाच उतार काढला तर सगळा पुरंदर तालुका नव्वद अंशांच्या कड्यासारखा दिसतो. रीप्रोजेक्ट करताना रीसॅम्पलिंग, म्हणजे पेशींचे आकडे नव्याने काढण्याची रीत, "बायलिनियर" ठेवा. उलट, वर्गीकरण झालेल्या नकाशाला कधीही बायलिनियर लावू नका, तिथे "निअरेस्ट नेबर"च. पाणी हा वर्ग १, जंगल हा वर्ग २ आणि शेती हा वर्ग ३ असेल, तर त्यांची सरासरी २ येते, आणि काठाकाठाने जंगल उगवतं.

मोठ्या चौकटीत कापणं का? तालुक्याच्या हद्दीने डेम कापून मग पाणलोट काढणं ही फार रुळलेली चूक आहे. पाण्याला तालुका माहीत नसतो. अंदाजे खोऱ्याच्या चहूबाजूंनी दोन-तीन किलोमीटर जास्त घ्या. दक्षिणेला पुरंदर किल्ल्याची रांग, उत्तरेला दिवे घाटाची, या दोन्ही रांगांच्या पलीकडचा उतार थोडा दिसला पाहिजे, तरच जलविभाजक नीट बसतो.

खड्डे भरणं साधनावर अवलंबून आहे. सागा किंवा आर्कजीआयएसच्या हायड्रॉलॉजी साधनांत ते आधी करावं लागतं. ग्रासच्या आर डॉट वॉटरशेडला त्याची गरज नसते, ते खड्ड्यातूनच वाट काढतं. कुठलं वापरलं ते नोंदवहीत लिहा.

प्रवाह किती पेशींनंतर "ओढा" मानायचा, हा उंबरठा तुम्ही ठरवायचा. ३० मीटरची एक पेशी म्हणजे ९०० चौरस मीटर. १,००० पेशी म्हणजे ०.९ चौरस किलोमीटर. इतरांच्या प्रबंधातला आकडा उचलू नका. तीन-चार उंबरठे लावून बघा आणि टोपोशीटवरच्या निळ्या रेषांशी सर्वांत जुळणारा घ्या. स्ट्रेलरची प्रवाहश्रेणी, प्रवाहघनता, द्विभाजन गुणोत्तर हे सगळं या एका आकड्यावर उभं आहे. उंबरठा बदलला की श्रेणी बदलते, म्हणून दोन खोऱ्यांची तुलना करताना तो दोन्हीकडे सारखाच ठेवा.

निर्गम बिंदू धरणाच्या भिंतीच्या लगेच खाली द्या, आणि डोळ्यांनी टोचलेला बिंदू जसाच्या तसा वापरू नका. तो प्रवाहसंचय सर्वांत जास्त असलेल्या जवळच्या पेशीवर "स्नॅप" करा. एक पेशी जरी बाजूला पडला, तरी शेकडो चौरस किलोमीटरच्या जागी एका शेताएवढं पाणलोट मिळतं.

*तपासा:* मिळालेली हद्द टोपोशीटच्या समोच्च रेषांवर ठेवा. जलविभाजक कुठेही ओढा ओलांडत असेल तर काहीतरी चुकलंय. जलाशयाच्या सपाट पृष्ठावर सरळ समांतर रेघा दिसल्या तर घाबरू नका, सपाटीवर दिशा ठरवता येत नाही म्हणून त्या येतात. मात्र त्या प्रवाहलांबीत मोजू नका.

टप्पा ६: डिजिटायझेशन

थोडक्यात: स्नॅपिंग आधी चालू करा, एकच झूम ठेवा, संपल्यावर टोपोलॉजी तपासा, म्हणजे आकृत्यांमध्ये फटी किंवा एकावर एक चढलेले भाग नाहीत ना ते बघा. १:५०,००० च्या शीटवरून काढलेली रेघ १:५,००० ला झूम करून सुबक केली म्हणून अधिक अचूक होत नाही. शीटवरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर, हे भान ठेवा.

टप्पा ७: प्रतिमेची निवड आणि वर्गीकरण

पुरंदर म्हणजे अंजीर आणि सीताफळ. त्यामुळे तारखेची निवड इथे जीव की प्राण. सीताफळाची पानं उन्हाळ्यात झडतात आणि एप्रिलच्या प्रतिमेत बाग झुडपी माळासारखी दिसते. डिसेंबरमध्ये वाटाणा, कांदा, ज्वारी सगळंच हिरवं, बाग वेगळी काढणं अवघड. जून ते सप्टेंबर ढगांनी गेलेला. एकच तारीख पुरत नाही. पावसाळ्यानंतरची एक आणि उन्हाळ्याच्या तोंडावरची एक, अशा दोन प्रतिमा एकत्र घेतल्या की हंगामी पीक, बाग आणि माळ वेगवेगळे वागतात आणि ओळखू येतात. तुमच्या भागात द्राक्ष, ऊस, भात जे असेल, त्याचं वेळापत्रक आधी शेतकऱ्याला विचारा, मग प्रतिमा शोधा.

वर्षं निवडताना दोन्ही वर्षांचं पाऊसमान बघा. दुष्काळी वर्षाची चांगल्या पावसाच्या वर्षाशी तुलना केली, तर पावसातला फरक तुम्ही जमीनवापरातला बदल म्हणून मांडाल.

*सावधान:* सेंटिनेल-२ च्या डेटात २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रिया बदलली आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १,००० ची भर पडू लागली. ती वजा न करता २०१८ आणि २०२४ ची तुलना केली, तर एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, खोटा येतो. एक पिक्सेल घेऊन बघा: नवीन प्रतिमेत निअर इन्फ्रारेड ४,००० आणि लाल २,०००. तसाच काढला तर (४०००−२०००)/(४०००+२०००), म्हणजे ०.३३. भर वजा केल्यावर (३०००−१०००)/(३०००+१०००), म्हणजे ०.५०. हिरवीगार बाग सुकलेली दिसते. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये "हार्मोनाइज्ड" संग्रह घेतला की हा प्रश्न सुटलेला मिळतो. लँडसॅटच्या कलेक्शन २, लेव्हल २ मध्येही गुणक ०.००००२७५ आणि वजाबाकी ०.२ लावावीच लागते.

प्रशिक्षण नमुने, म्हणजे संगणकाला वर्ग ओळखायला शिकवणारे नमुने, घेताना प्रत्येक वर्गाचे नमुने खोऱ्यात सगळीकडून घ्या. फक्त सासवडच्या आसपासून घेतले, तर किल्ल्याच्या उतारावरची सावली "पाणी" म्हणून वर्गीकृत होते. पडीक रान आणि ओसाड जमीन हे वर्ग एका तारखेच्या प्रतिमेवर वेगळे होत नाहीत. ओढूनताणून करू नका, एकत्र ठेवा आणि का ठेवले ते लिहा. पाच विश्वासार्ह वर्ग बारा डळमळीत वर्गांपेक्षा जास्त गुण मिळवून देतात.

टप्पा ८: शिवारात जाऊन पडताळणी

ज्या नमुन्यांवर मॉडेल शिकवलं, त्यांच्यावरच अचूकता मोजून "९७ टक्के" लिहायचं, हा प्रकार सर्रास चालतो. तो आकडा निरर्थक आहे. पडताळणीचे बिंदू वेगळेच हवेत. ते वर्गवार यादृच्छिक पद्धतीने संगणकाकडून काढून घ्या. प्रत्येक वर्गाला साधारण ५० हा रूढ दंडक आहे.

सगळ्या बिंदूंवर जाणं जमत नाही. डोंगरउतारावरचे बिंदू उच्च विभेदनाच्या प्रतिमेवर तपासा, पण त्या प्रतिमेची तारीख बघा. रस्त्यालगतच्या बिंदूंवर स्वतः जा. मोबाइलवर क्यूफील्ड हे क्यूजीआयएसशी जोडलेलं ॲप घ्या, त्यात तुमचा प्रोजेक्ट आधीच भरून न्या, कारण माळावर नेटवर्क असेलच असं नाही. मोबाइलची जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, म्हणून बांधावर उभं राहून नोंद करू नका. परवानगी घेऊन शेताच्या मध्यावर जा. चारही दिशांना फोटो काढा. आणि शेतकऱ्याला विचारा, ही बाग कधी लावली. प्रतिमेतून न मिळणारं उत्तर तिथे एका वाक्यात मिळतं.

अहवालात एकूण अचूकतेबरोबर पूर्ण त्रुटीसारणी द्या, वर्गवार उत्पादक अचूकता (जमिनीवरच्या वर्गातलं किती नकाशात बरोबर आलं) आणि उपयोजक अचूकता (नकाशातल्या वर्गातलं किती जमिनीवर खरं आहे) यांसह. एकूण ८८ टक्के असूनही बागांची अचूकता ६० असू शकते, आणि तुमचा प्रश्न तर बागांचाच होता.

टप्पा ९: जनगणनेची जोडणी

गावनिहाय आकडे जोडायचे असतील तर नावावर जोडू नका. खुर्द-बुद्रुक, एकाच नावाची दोन गावं, इंग्रजी स्पेलिंगचे तीन प्रकार, यात निम्म्या ओळी रिकाम्या राहतात. २०११ च्या जनगणनेचा गाव कोड वापरा. जोडणी झाली तरी सगळे रकाने रिकामे आले, तर एका बाजूला कोड मजकूर म्हणून आणि दुसऱ्या बाजूला संख्या म्हणून साठवलेला असतो; प्रकार सारखा करा.

हद्दींचं साल आणि आकड्यांचं साल एक हवं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणून २०११ च्या आकड्यांत तो ठाण्यात आहे. आजच्या ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर २०११ चे ३५ जिल्हे बसवले की तिथे भोक पडतं.

टप्पा १०: नकाशा, अहवाल, तोंडी परीक्षा

नकाशावर शीर्षक, सूची, मापपट्टी, उत्तरदिशा, सीआरएस, डेटाचा स्रोत आणि प्रतिमेची तारीख हवी. "१:५०,०००" असं अंकी प्रमाण लिहिलंत आणि पान छापताना लहान केलंत, तर ते खोटं ठरतं. म्हणून रेघेची मापपट्टी द्याच. लोकसंख्येसारखी नुसती संख्या छटांनी रंगवू नका, मोठं गाव नेहमीच गडद दिसेल. घनता किंवा टक्केवारी काढा.

*सावधान:* स्थाननिर्देशक नकाशात भारताची हद्द परदेशी संकेतस्थळावरून घेतलेली नको. जम्मू-काश्मीर, अक्साई चीन, अरुणाचल तिथे वेगळे दाखवलेले असतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या हद्दीशी न जुळणारा नकाशा प्रकाशित करणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचीच हद्द वापरा.

तोंडी परीक्षेला पुढचे प्रश्न येतातच, उत्तरं लिहून ठेवा: हाच झोन का? हेच डेम का? उंबरठा कसा ठरवला? प्रतिमांच्या तारखा याच का? पडताळणीचे बिंदू कुठून आले? सर्वांत कच्चा वर्ग कोणता आणि का? शेवटच्या प्रश्नाला "सगळे वर्ग चांगले आले" असं उत्तर देऊ नका. बाग आणि झुडपी माळ यांची कुठे गल्लत झाली, किती झाली, हे त्रुटीसारणीवर बोट ठेवून दाखवा.

जमा करण्याआधी एक शेवटची तपासणी. प्रोजेक्टमधले मार्ग "रिलेटिव्ह" करा, सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि ते दुसऱ्याच कुणाच्या संगणकावर उघडा. एकही लेयर लाल उद्गारचिन्हासह हरवलेला दिसला नाही, सगळे नकाशे जागेवर उघडले आणि नोंदवही सोबत आहे, की मगच प्रत बांधायला द्या.